यादी नको, कारण सांगा

औषधाच्या खोक्यात घडीवर घडी घातलेला एक पातळ कागद असतो. भाषा इंग्रजी, अक्षरे मुंगीएवढी. त्यात ‘अन्य औषधांशी होणाऱ्या आंतरक्रिया’ अशा अर्थाचा एक भाग असतो. बुरशीनाशक गोळ्यांच्या कागदात हा भाग चांगलाच लांबलचक असतो. हृदयविकाराची औषधे, कोलेस्टेरॉल कमी करणारी, रक्त पातळ ठेवणारी, झोपेची, फिट्सवरची, मधुमेहाची, अशी नावांमागून नावे येतात. नायट्यावरच्या गोळीचा आणि हृदयाचा काय संबंध, असा प्रश्न वाचणाऱ्याला पडतोच. त्याचे उत्तर कागदात असलेच, तर ते ‘सीवायपी ३ए४’ अशा एखाद्या सांकेतिक नावात दडलेले असते.

या लेखात आम्ही या कागदाचे परीक्षण करणार आहोत. त्याच वळणाने जाणाऱ्या आपल्या शालेय आणि लोकप्रिय विज्ञानलेखनाचेही करणार आहोत. यादीतली माहिती खोटी आहे, असे आमचे म्हणणे नाही. आमचा आक्षेप एवढाच, की एका सूत्रात बसणारी गोष्ट आपण सुट्या सुट्या नावांची यादी करून सांगतो आणि मग लोकांनी ती लक्षात ठेवली नाही म्हणून त्यांनाच दोष देतो. ही पद्धत जिवावर बेतू शकते. आधी एक घडलेले उदाहरण पाहू.

दोन साध्या गोळ्या

१९८५ मध्ये टर्फेनाडिन हे ॲलर्जीवरचे औषध अमेरिकेत विक्रीस आले. शिंका, वाहते नाक, अंगावरची पित्ते यांवरच्या जुन्या गोळ्या घेतल्या की गुंगी येत असे. टर्फेनाडिनने गुंगी येत नसे, त्यामुळे ते झपाट्याने लोकप्रिय झाले. दुसरीकडे, १९८१ पासून तेथे किटोकोनॅझोल ही बुरशीनाशक गोळी उपलब्ध होती.

डिसेंबर १९९० मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात ३९ वर्षांच्या एका स्त्रीची हकिगत प्रसिद्ध झाली. डॉक्टरांनी दिलेल्या मात्रेत ती टर्फेनाडिन घेत होती. मध्येच बुरशीचा संसर्ग झाला म्हणून तिने स्वतःच्या मनाने किटोकोनॅझोलच्या गोळ्या सुरू केल्या. दोन-तीन दिवसांत तिला चक्कर येऊ लागली, शुद्ध हरपू लागली. हृदयाच्या विद्युत आलेखात एक विलक्षण लय दिसली. आलेखातली शिखरे, दोरीला पीळ पडावा तशी, मधल्या रेषेभोवती फिरत होती. या लयीचे वर्णन १९६६ मध्ये देसर्तेन या फ्रेंच हृदयतज्ज्ञाने केले होते. ती टिकून राहिली तर मृत्यू ओढवू शकतो. ही स्त्री सुदैवाने वाचली.

दोन्ही औषधे तिने नेहमीच्याच मात्रेत घेतली होती. मग बिघडले काय?

टर्फेनाडिनची गोळी पोटात गेल्यावर आतड्याच्या भित्तिकेत आणि यकृतात तिचे जवळजवळ पूर्ण रूपांतर होते. ॲलर्जीवर काम करतो तो या रूपांतरातून तयार झालेला पदार्थ. मूळ टर्फेनाडिन रक्तात नाममात्रच उरते, आणि तसे असते म्हणूनच गोळी निर्धोक ठरते. कारण मूळ टर्फेनाडिनला एक खोड आहे. प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाच्या पेशींतून पोटॅशियमचे आयन बाहेर पडतात आणि पेशी पुढच्या ठोक्यासाठी सज्ज होतात. पोटॅशियमची ही वाट टर्फेनाडिन अडवते. किटोकोनॅझोलने टर्फेनाडिनचे रूपांतरच थांबवले. एरवी यकृताच्या पलीकडे न जाणारा पदार्थ हृदयापर्यंत पोचला.

हे अनुमान प्रयोगानेही पडताळले गेले. ६ निरोगी स्वयंसेवकांना दोन्ही औषधे एकत्र दिल्यावर सर्वांच्या रक्तात मूळ टर्फेनाडिन आढळले आणि त्यांच्या हृदयाच्या आलेखातही बदल दिसले. १९९३ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

कुलूप एकाच घराण्याचे

आता ज्या मुद्द्यासाठी हा लेखनप्रपंच केला त्याकडे येऊ. बुरशीनाशक गोळीनेच हे का करावे? हा योगायोग आहे का?

नाही. बुरशीच्या पेशीपटलात अर्गोस्टेरॉल नावाचा पदार्थ असतो. आपल्या पेशीपटलात त्याच्या जागी कोलेस्टेरॉल असते. अर्गोस्टेरॉल तयार करताना बुरशीला एका विशिष्ट विकराची, म्हणजे एन्झाइमची, गरज लागते. या विकराच्या गाभ्यात हीम असते. हिमोग्लोबिनमुळे आपल्या विद्यार्थ्यांना परिचित असलेले तेच लोहयुक्त हीम. किटोकोनॅझोल, इट्राकोनॅझोल, फ्लुकोनॅझोल या ‘ॲझोल’ गटातल्या औषधांच्या रेणूत नायट्रोजन असलेले एक कडे असते. त्यातला नायट्रोजन हीममधल्या लोहाला जाऊन चिकटतो. विकर बंद पडतो, अर्गोस्टेरॉल तयार होत नाही, आणि बुरशीची वाढ खुंटते.

हा विकर सायटोक्रोम पी ४५० नावाच्या घराण्यातला आहे. या विकरांना कार्बन मोनॉक्साइड चिकटला की ते सुमारे ४५० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश विशेष शोषतात, म्हणून १९६०च्या दशकात ओमुरा आणि सातो या जपानी शास्त्रज्ञांनी हे नाव रूढ केले. आपल्या यकृतात आणि आतड्यात परक्या रेणूंची विल्हेवाट लावणारे जे विकर आहेत, तेही प्रामुख्याने याच घराण्यातले आहेत. त्यांच्याही गाभ्यात हीम आहे, त्यातही लोह आहे. त्यांतला एकटा ३ए४ हा विकर आज वापरात असलेल्या औषधांपैकी एक तृतीयांश ते निम्म्या औषधांचे रूपांतर करतो.

म्हणजे ज्या गुणामुळे हे औषध बुरशीला मारते, त्याच गुणामुळे ते आपल्या यकृताचे काम अडवते. औषध आणि अपाय यांची रसायनक्रिया एकच आहे. नंतरची ॲझोल औषधे बुरशीचा विकर अधिक नेमकेपणाने ओळखतात, पण आपले विकर त्यांच्या तावडीतून पूर्ण सुटलेले नाहीत.

हे एकदा समजले की त्या कागदावरची यादी अंगावर येत नाही. सिम्वास्टॅटिन हे कोलेस्टेरॉलचे औषध यादीत का? त्याचे रूपांतर ३ए४ करतो म्हणून. इट्राकोनॅझोलबरोबर घेतल्यास रक्तातले त्याचे प्रमाण दहापटींहून अधिक वाढू शकते, स्नायूंचे तंतू विरघळू लागतात आणि त्याचा भार मूत्रपिंडांवर पडतो. टॅक्रोलिमस हे मूत्रपिंडरोपणानंतरचे औषध यादीत का? त्याच कारणासाठी. टर्बिनाफिन हे नायट्यावरचे दुसरे औषध या यादीत ॲझोलच्या रांगेत का बसत नाही? कारण ते अर्गोस्टेरॉलच्या निर्मितीतल्या वेगळ्याच विकराला अडवते आणि तो विकर या घराण्यातला नाही. तरीही टर्बिनाफिन आपल्या २डी६ या दुसऱ्या विकराला अडवते. म्हणून त्याचा कागदही कोरा नसतो.

इशारे देऊनही

‘पण इशारा तर दिला होता ना?’ असे कोणी विचारील. टर्फेनाडिनचा पुढचा इतिहास या प्रश्नाचे उत्तर देतो.

१९९० मध्येच अमेरिकेतल्या डॉक्टरांना इशारेवजा पत्रे गेली. १९९२ मध्ये माहितीपत्रकात काळ्या चौकटीतला, म्हणजे सर्वांत कडक, इशारा छापला गेला. किटोकोनॅझोल, तसेच एरिथ्रोमायसिनसारखी प्रतिजैविके यांच्याबरोबर टर्फेनाडिन देऊ नये, असे त्यात स्पष्ट होते. त्यानंतर अशा जोड्या देण्याचे प्रमाण बरेच घटले, पण थांबले नाही. १९९६ मध्ये वॉशिंग्टन परिसरातल्या ५० औषधदुकानांची पाहणी प्रसिद्ध झाली. टर्फेनाडिन आणि एरिथ्रोमायसिन यांच्या चिठ्ठ्या एकाच वेळी दिल्यावर सुमारे एक तृतीयांश दुकानांनी काही न बोलता दोन्ही औषधे दिली. यांतल्या बहुतेक दुकानांत संगणक होते!

अखेर प्रश्न सुटला तो वेगळ्याच मार्गाने. टर्फेनाडिनपासून शरीरात तयार होणारा उपयुक्त पदार्थच फेक्सोफेनाडिन या नावाने औषध म्हणून १९९६ मध्ये मान्य झाला. तो पोटॅशियमची वाट अडवत नाही. १९९७ च्या जानेवारीत अमेरिकेच्या औषध प्रशासनाने टर्फेनाडिनची मान्यता काढून घेण्याचा मनोदय जाहीर केला आणि १९९८ मध्ये ते तेथील बाजारातून गेले. भारतात त्यावर २००३ मध्ये बंदी आली.

याच सुमारास मिबेफ्राडिल या रक्तदाबाच्या औषधाची कथा घडली. ते बुरशीनाशक नव्हे, पण तेही ३ए४ ला अडवणारे. १९९७ मध्ये ते अमेरिकेत विक्रीस आले आणि ज्यांच्याबरोबर ते घातक ठरू शकते अशा औषधांची यादी २५ च्या पुढे गेली. वर्षभरातच, १९९८ च्या जूनमध्ये, ते मागे घेतले गेले. इतक्या विविध औषधांचा धोका नेहमीच्या छापील सूचनांनी व्यवहारात टाळता येणार नाही, हे तेथील प्रशासनाने मान्य केले. यादीच्या मर्यादेची ही जाहीर कबुलीच म्हणायला हवी.

यादी अपुरी पडते याचे कारण त्या ३९ वर्षांच्या स्त्रीच्या हकिगतीतच आहे. दोन औषधांची गाठ एका चिठ्ठीवर पडलीच नव्हती. एक डॉक्टरांनी लिहिलेले, दुसरे स्वतः सुरू केलेले. दोन्ही नावे एकत्र वाचणारा माणूस कुठेच नव्हता. त्यांची गाठ पडली ती थेट यकृतात. अशा वेळी उपयोगी पडते ती रुग्णाच्या मनात उठणारी एक शंका: ‘मी आधीच एक गोळी घेतो आहे, ही दुसरी चालेल का?’ ही शंका यादी वाचून येत नाही. शरीर औषधाचे काय करते, याची ढोबळ का होईना, कल्पना असावी लागते.

आपल्याकडे

आपल्याकडे तर तो कागद रुग्णाच्या हाती पडण्याचीच शक्यता कमी. दुकानदार पट्टीतून चार गोळ्या कात्रीने कापून देतो. कागद खोक्यात राहतो, आणि कधीकधी औषधाचे नावही पट्टीच्या उरलेल्या तुकड्यावर. चिठ्ठीशिवाय विकू नये असे छापलेल्या गोळ्या ‘त्या शेजारच्यांना लागू पडल्या होत्या’ एवढ्या शिफारशीवर मागितल्या जातात आणि मिळतातही.

गेल्या काही वर्षांत नायटा, गजकर्ण यांसारखे त्वचेचे बुरशीजन्य रोग भारतात चिवट झाले आहेत. इट्राकोनॅझोल आठवडेच्या आठवडे घेणारे रुग्ण आता दुर्मीळ नाहीत. अशा रुग्णाला मधुमेह असणे, त्याच्या हृदयात कृत्रिम झडप असणे, तो कोलेस्टेरॉलची गोळी घेत असणे, यात नवल काहीच नाही. मधुमेहात तर बुरशीचे संसर्ग वारंवार होतात. म्हणजे ज्याच्या खिशात साखरेची गोळी, त्याच्याच हाती बुरशीची गोळी येण्याचा संभव अधिक! फ्लुकोनॅझोल हे २सी९ नावाच्या दुसऱ्या विकराला जोरात अडवते. त्यामुळे ग्लिबेनक्लामाइडसारख्या मधुमेहाच्या गोळ्यांचा परिणाम वाढून रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. वॉरफॅरिन हे रक्त पातळ ठेवणारे औषध घेणाऱ्याला त्याच कारणाने रक्तस्राव होऊ शकतो. तोंडातल्या छाल्यांवर लावायची मायकोनॅझोलची जेलही वॉरफॅरिनबरोबर घातक ठरल्याची उदाहरणे ब्रिटनमध्ये नोंदली गेली आहेत. ‘लावायचेच तर आहे’ असे म्हणून सुटका होत नाही.

उलट दिशेचे उदाहरण क्षयरोगाचे. रिफॅम्पिसिन यकृताला हे विकर अधिक प्रमाणात तयार करायला लावते. मग इट्राकोनॅझोल इतक्या वेगाने नष्ट होते, की बुरशीला त्याची झळही लागत नाही. रुग्ण म्हणतो, औषध खोटे निघाले. औषध खरेच असते, ते रक्तात टिकत नाही इतकेच.

२०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्रात म्युकरमायकोसिसचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले, आणि पोसॅकोनॅझोलसारखी नावे सर्वसामान्यांच्या तोंडी आली. औषधांचा तुटवडा, किमती यांवर तेव्हा खूप लिहिले गेले आणि ते योग्यच होते. पण हे औषध घेणाऱ्याने आपल्या बाकीच्या गोळ्या डॉक्टरांना दाखवाव्यात, हे सांगणारे लेखन आमच्या वाचनात फारसे आले नाही. हा ठपका आम्ही आमच्यासारख्या विज्ञानलेखन करणाऱ्या सर्वांवरच ठेवतो.

घाबरवणेही चूकच

आमच्या म्हणण्यावर एक रास्त आक्षेप घेता येईल. असे लिहून लोक घाबरतील आणि आवश्यक औषधेही बंद करतील. हा धोका खरा आहे. रक्त पातळ ठेवणारी गोळी मनानेच थांबवली तर गुठळी होऊन माणूस दगावू शकतो. पण भीती निर्माण होते ती कारण न सांगता नावे सांगितल्यावर. कारण कळले की तारतम्य येते. किटोकोनॅझोलची गोळी आणि किटोकोनॅझोलचा शांपू यांत फरक आहे. शांपूतले औषध रक्तात जवळजवळ जातच नाही. २०१३ मध्ये अमेरिकेने या गोळीच्या वापरावर कडक मर्यादा घातल्या आणि युरोपच्या औषध संस्थेने ती वापरातून काढण्याची शिफारस केली. यकृताला होणारी इजा हे त्यामागचे मोठे कारण होते, आणि अमेरिकेने आंतरक्रियांचाही उल्लेख केला. शांपू आणि मलम मात्र राहिले. कारण ठाऊक असलेल्याला यात विसंगती दिसत नाही.

शिवाय विकर अडवणे ही गोष्ट नेहमीच वाईट नसते. मूत्रपिंडरोपण झालेल्या रुग्णाला महागडे सायक्लोस्पोरिन कमी लागावे म्हणून काही ठिकाणी डॉक्टरांनी मुद्दाम, रक्ततपासणी करत, किटोकोनॅझोल जोडीला दिले आहे. कोविडवरच्या निर्माट्रेलव्हिर या औषधाबरोबर रिटोनाविर दिले जाते, ते ३ए४ ला अडवून मूळ औषध रक्तात टिकवण्यासाठीच. एकाच क्रियेने अपायही होतो आणि उपायही. फरक पडतो तो जाणतेपणाने.

हेही स्पष्ट केले पाहिजे, की कारण कळले म्हणून यादी निरुपयोगी ठरत नाही. कोणते औषध कोणत्या विकराला किती अडवते, हे तर्काने काढता येत नाही, मोजावे लागते. डॉक्टरांना आणि औषधविक्रेत्यांना यादी हवीच. आमचे म्हणणे इतकेच, की सामान्य नागरिकाच्या शिक्षणाची सुरुवात यादीने होऊ नये.

वर्गात काय करता येईल?

शालेय पुस्तकांत विकर भेटतात ते बहुतेक पचनाच्या पाठात. लाळेतला, जठरातला, स्वादुपिंडातला. यकृत म्हटले की पित्तरस. विषारी द्रव्यांचा निचरा यकृत करते, असे एखादे वाक्य असते, पण तो निचरा विकरच करतात आणि त्यांनाही अडवता येते, हे राहून जाते. ही उणीव भरून काढायला अभ्यासक्रम बदलण्याची वाट पाहायला नको. आठवी-नववीच्या वर्गातही पुढील गणित करता येईल. आकडे केवळ समजण्यापुरते घेतले आहेत.

समजा, एक माणूस रोज १०० एकक औषध घेतो आणि दुसऱ्या दिवशीच्या गोळीपर्यंत शरीर त्यातले ९० टक्के काढून टाकते. मग गोळी घेतल्याघेतल्या शरीरात असलेले औषध रोज असे भरेल: १००, ११०, १११, आणि पुढे जवळजवळ तेवढेच. आता दुसऱ्या एका औषधाने विकर अडवला आणि रोज फक्त २० टक्केच बाहेर जाऊ लागले. पहिल्यापासून मोजले तर आकडे असे येतील: १००, १८०, २४४, २९५... विद्यार्थ्यांना हे पुढे चालू ठेवू द्या. बेरीज ५०० च्या जवळ जाऊन स्थिरावते, हे त्यांचे त्यांनाच दिसेल. वरच्या वर्गातले विद्यार्थी भूमिती श्रेढी लावून ते सिद्ध करतील. गोळी तीच, मात्रा तीच, पण शरीरातले औषध साडेचारपट! मग विचारा: विकर अडवण्याऐवजी वाढला तर? रिफॅम्पिसिनचे उत्तर विद्यार्थीच देतील.

अन्नातही असे पदार्थ असतात, हे सांगायलाही हरकत नाही. कॅनडातील बेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फेलोडिपिन या रक्तदाबाच्या औषधावर मद्याचा काय परिणाम होतो हे तपासताना मद्याची चव लपवण्यासाठी ग्रेपफ्रूटचा रस वापरला, आणि रक्तातले औषध अनपेक्षितपणे वाढलेले आढळले. दोष रसाचा होता. तो आतड्यातला ३ए४ अडवतो. १९९१ मध्ये त्यांनी हे सप्रमाण दाखवले. ग्रेपफ्रूट हे आपल्या पपनसाच्या संकरातून आलेले फळ. काही औषधांबरोबर पपनसही टाळावे असे तज्ज्ञ सांगतात, ते त्याच कारणाने.

शेवटी विद्यार्थ्यांना एक काम द्यावे. घरातल्या आजी-आजोबांच्या सर्व गोळ्यांची नावे, मलमे, चूर्णे, काढे यांसह, एका कागदावर लिहून काढायची आणि तो कागद प्रत्येक डॉक्टरला आणि औषधविक्रेत्याला दाखवण्याची सवय घरच्यांना लावायची. कोणतीही गोळी आपल्या मनाने थांबवायची नाही, हेही त्याच कागदावर ठळक लिहावे. ही यादीच आहे, हे आम्हाला मान्य आहे. पण ती घरच्यांनी स्वतः केलेली, त्यांच्या भाषेतली आणि ती का केली हे ठाऊक असलेली यादी असेल.